हडपसरनंतर उरलेली फौज

"हडपसर जिंकल्यावर होळकरांकडे फौज किती उरली, हा प्रश्नच चुकीचा आहे!" सतीश माइकवर कडाडला. "उरली तेवढी पुरे होती. सगळे घाट अडवले असते, तर बाजीराव इंग्रजांच्या पदराआड लपलाच नसता."

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या मराठी मंडळींची दिवाळी. दरवर्षी फराळानंतर 'जर-तर'चा सामना रंगतो. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात. यंदा मराठ्यांनीच मराठ्यांना कापलं ती लढाई निघाली. सतीशला होळकर आले, दत्तप्रसादला पेशवे. सतीशला देव पावला.

दुसऱ्या बाजीरावाने यशवंतराव होळकरांच्या भावाला हत्तीच्या पायी दिलं होतं. आणि या दत्तप्रसादने रोनितला. रोनित सतीशचा मावसभाऊ. जवळच्याच मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये दत्तप्रसादच्या हाताखाली होता. साहेबाची चूक स्वतःच्या माथी घेईना, म्हणून सगळ्या स्टाफसमोर सिक्युरिटीकरवी हाकलला. पोरगा पुण्याला परतला. सतीश प्रत्येक फोनवर दात-ओठ खायचा, रोनित म्हणायचा, "सोड ना दादा." सतीश सोडणाऱ्यांतला नव्हता. आडनावं वेगळी, तेव्हा दत्तप्रसादला नातं ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दत्तप्रसाद उठला. "घोडी दमलेली, माणसं घायाळ. सेनापतीला सूड हवा असेल हो, पण फौजेला घरी जायचं होतं!"

लोक हसले, पण परीक्षक साधनाताईंनी सामना सतीशलाच दिला. त्याचं समाधान झालं नाही. शब्दांनी कुणी मरत नाही.

पार्किंगमध्ये दत्तप्रसादने त्याला गाठलं. आवाज पार उतरला होता. "सतीशराव, माझा जॉब गेला. व्हिसा संपत आलाय, मुलांची शाळा इथेच आहे. तुमच्याकडे मॅनेजरची व्हेकन्सी आहे म्हणे. एक शब्द टाकाल?"

सतीशला वाटलं, देव एकाच दिवसात दोनदा पावला. किती वर्षं वाट पाहिली होती या क्षणाची! त्याने घाई केली नाही. चव घेत घेत बोलला.

"व्हेकन्सी आहे. माझ्या एका फोनचं काम आहे. पण तो फोन मी करणार नाही. रोनित आठवतो? माझा मावसभाऊ आहे तो. खलास, दत्तप्रसाद. बांधा सामान."

दत्तप्रसादने मान खाली घातली.

"माहीत आहे. गणपतीत त्याच्या घरी हात जोडून आलो. तुमच्याकडे त्यानेच पाठवलंय."