बारा नंबरची नळी

“ताई, शेळ्यांचा शेंबूड तपासायचा तुम्हाला पगार मिळतो?”

भोंगा हे विचारणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. वर्गात तिला सगळे भोंगाच म्हणायचे, आणि वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून ती स्वतःही ऐटीत त्या नावाला ओ द्यायची. मागे रांगेत खुसखुस सुरू झाली. वर्गाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेतल्या ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, “मिळतो की. शेंबडाच्या मानाने कमीच.”

मग त्यांनी भोंग्यालाच पुढे बोलावून पडद्यापाशी उभं केलं आणि समजावून सांगितलं. खोकणाऱ्या शेळीच्या नाकात कापूस फिरवायचा, तो नळीत घालून इकडे पाठवायचा. त्यात फुप्फुसाच्या रोगाचा जंतू कणभर जरी असला, तरी यंत्र त्याच्या प्रती काढत सुटतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार. तशी त्या नळीची रेषा वर चढते. जंतू नसेल तर रेषा सपाट.

पडद्यावर सकाळचा निकाल होता. तीन रेषा उभ्या चढलेल्या. भोंग्याने बारा नंबर शोधला. बारा नंबर तिच्या घरचा. त्याची चिठ्ठी आईने आठ दिवस गोठ्याच्या दाराला खोचून ठेवली होती.

बारा नंबर सपाट होता.

“तुमची का ही? सुटलात बघा,” ताई म्हणाल्या. “गुरांच्या डॉक्टरांना आत्ताच कळवलं.”

मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. पुढचा प्रश्न भोंग्याने इतक्या हळू विचारला, की ताईंना वाकून ऐकावं लागलं. यंत्र कधी चुकतं का?

“यंत्राला आपण जे नाक देऊ, त्याचंच ते सांगतं.”

शाळेच्या बसमध्ये पैज जिंकल्याचं चॉकलेट तिच्या मुठीत विरघळून गेलं. आठ दिवसांपूर्वी डॉक्टर नमुना घ्यायला आले, तेव्हा घरात ती एकटीच होती. खोकणारी कोण, असं त्यांनी विचारल्यावर तिने खोकणाऱ्या फटाकडीला मागे ढकललं आणि फटाकडीच्या जुळ्या बहिणीला पुढे केलं. दोघी काळ्याभोर, डॉक्टरांना कुठून कळणार? तिला एवढंच ठाऊक होतं, की शेजारच्यांच्या दोन शेळ्यांत रोग निघाला, त्यांना गाडीतून नेलं, आणि परत आली ती नुसती दावी. फटाकडीला तर तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा बाबा गोठ्यात शीळ घालत होते. डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. साधी सर्दी निघाली म्हणे. आई तर आत्याशी बोलूनही मोकळी झाली होती: आठ दिवस कोंडलेल्या आपल्या शेळ्या उद्या सकाळी तिच्या पंधरांबरोबर चरायला सोडायच्या. आत्याला त्या पंधरांशिवाय दुसरं काही नव्हतं.

कोपऱ्यात फटाकडी खोकली. कालच्यापेक्षा खोल. भोंग्याला पाहून उठायला गेली आणि पुढच्या पायांवर बसली.

“आज भोंग्याची बॅटरी उतरली वाटतं,” बाबा हसत म्हणाले.

तिने दप्तर खाली ठेवलं. फटाकडीशेजारी बसून तिचं दावं खुंट्यावरून सोडलं.

“आई, बाबा, उद्या एकही शेळी बाहेर जाणार नाही. नळीत हिचं नाक नव्हतंच. मी डॉक्टरांना फसवलं.”

आईच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. बाबांचं हसू मावळलं.

“सकाळी डॉक्टरांना बोलवा. या वेळी हिला मी धरणार. आत्याला आत्ता फोन लावून द्या, तिला मीच सांगते.” तिने दावं बाबांच्या हातात दिलं. “आणि नेलंच हिला, तर हे परत आणू नका.”