शेजारी उघडलेला किनारा

"वहिनी, हात काढा आधी!"

नणंदेच्या आवाजानं कुमुदचं बोट एंटरच्या वरच थांबलं. गच्चीवर तारेचा अँटेना बांधून झाला होता, हवामानाचा उपग्रह थोड्याच वेळात डोक्यावर येणार होता. त्याचं चित्र पकडणारा प्रोग्रॅम तेवढा बसवायचा राहिला होता. संगणकावरचं लिनक्स विचारत होतं, पुढे जाऊ? कुमुद नेहमी न वाचताच हो म्हणायची.

"वर काय लिहिलंय ते वाचलंत का? याला नवी लायब्ररी हवीय, म्हणजे प्रोग्रॅम वाटून वापरतात तो कोड, आणि दादाचा नकाशा उघडणारा प्रोग्रॅम जुनीवरच चालतो. हो म्हणालात तर तो उडेल."

कुमुदनं बोट मागे घेतलं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यानं पायी फिरून नवऱ्यानं तो नकाशा काढला होता. नवरा गेला, मागे राहिलेली नकाशाची फाइल दुसऱ्या कशातच उघडत नव्हती.

"मग राहू दे तो उपग्रह, वन्सं."

"राहू दे काय? याचा फ्लॅटपॅक घेऊ. लागेल ते सगळं शिदोरीसारखं बांधून आणतो, घरातल्या डब्यांना हात लावत नाही."

प्रोग्रॅम बसला. थोड्या वेळानं चित्र ओळीओळीनं उतरू लागलं. ढग, समुद्र, मग किनारा. नणंदेनं दादाचा नकाशा शेजारी उघडला.

तीच वळणं, तोच बाक. कुमुद कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"एवढ्या उंचीवरून आत्ता दिसतंय ते," ती हळूच म्हणाली, "ह्यांनी चपला झिजवून पाहिलं होतं, वन्सं."