एकोणतिसाचा पाढा

"खड्डा हितंच," रंगनाथ म्हणाला आणि चौथीच्या वर्गात, खिडकीजवळच्या सारवलेल्या जमिनीवर काठी टेकवून उभा राहिला.

यज्ञेश्वर गुरुजींना हे कुठलं पटायला! महायुद्ध संपल्यावर भिंगारच्या कारखानदाराला शिकलेले विणकर हवे होते आणि शाळेला हातचा उद्योग. म्हणून त्यानं एक हातमाग देऊ केला होता आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवायला आपला विणकर रंगनाथही. विणणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडून, आळीपाळीनं पावड्या दाबत चालवायचा माग. तो मागच्या पडवीत जाणार, हे गुरुजींनी मनाशी केव्हाच ठरवलं होतं. वर्गात ठोकाठोक सुरू झाली तर पाढे कोण म्हणणार? पडवीत वाऱ्यानं सूत तुटेल, असं रंगनाथानं दोनदा सांगून पाहिलं. गुरुजी म्हणाले, तरट लावून देतो.

एकीकडे वर्ग पाढे म्हणत होता. पंचविसापर्यंत बरा चालला, मग रेंगाळला. दिवाळीपासून हे असंच होतं. त्याआधी भिंतीपलीकडच्या गल्लीत याच कारखान्याचे पंधरा माग दिवसभर खडखडत. गुरुजींनी त्यांच्याविरुद्ध नगरपालिकेकडे किती अर्ज खरडले, त्याला सुमार नाही. अखेर कारखाना भिंगारला हलला. त्या दिवशी गुरुजी मोठ्या तोऱ्यात पोरांना म्हणाले होते, आता बघा कसे पाढे पाठ होतात. आणि चार दिवसांत त्यांना स्वतःलाच करमेनासं झालं. मागांच्या ठेक्यावरच तर पोरं म्हणत होती! पण हे त्यांनी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

"पडवीत तुमची खरी अडचण काय आहे?" त्यांनी जरा चिडूनच विचारलं.

रंगनाथानं काठीनं पोरांकडं दाखवलं.

"तितं पाढं ऐकू येत न्हाईत, गुर्जी. बावीस वर्सं भितीपल्याड त्येंच्याच ठेक्यावर इणलं. भिंगारला हात चालत्यात, पर मन लागत न्हाई."

आपण केलेले सगळे अर्ज गुरुजींना आठवले आणि स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात वर्ग एकोणतिसावर अडला. सत्ते दोनशे तीनच्या पुढं कुणाची जीभ वळेना. गुरुजींनी फळ्याजवळचा खडू घेतला, खिडकीपाशी वाकले आणि जमिनीवर एक चौकोन आखला.

"एवढा पुरेल?"

रंगनाथ अंदाज घ्यायला चौकोनात पाय पसरून बसला. गुरुजींनी वर्गाला पुढचं सांगितलं, "आठे दोनशे बत्तीस," आणि पोरांनी पुन्हा सूर धरला.

खड्डा अजून खणायचा होता, माग भिंगारलाच होता. तरी रंगनाथाचे पाय जमिनीवर एकाआड एक दाबले जाऊ लागले.