जात्यामागचा उंदीर

त्र्यंबकराव कुठल्याच पेपरात नोकरीला नव्हते. पण सोलापुरात प्लेग आला की पुण्या-मुंबईचे पेपर मजकूर मागवत तो त्यांच्याकडूनच. आजही त्यांची लिहायची बैठक जमली होती. तान्ह्या लेकीला खांद्याशी धरून वेणूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, घरात उंदीर मरून पडला तर काय करावं म्हणता?"

"लगोलग घर सोडावं, माळावर झोपडी घालून राहावं. जो लपवतो तो शेजाऱ्यांच्या जिवावर उठतो. तेच तर लिहितोय."

"मग उठा. आपल्या जात्यामागं पडलाय."

टाक थांबला. त्र्यंबकरावांनी उठून आधी खिडकी लावून घेतली.

"कुणी पाहिला नाही ना?"

"सगळ्या गल्लीला दाखवून आले," लेकीच्या कुंचीचे बंद बांधत वेणूबाई म्हणाल्या. "तुम्हांला शेवटी सांगतेय."