पुढची फळी

“मासोळ्या नकोत,” क्लेस्टर म्हणाला आणि जित्या मासोळ्यांची बादली त्याने दुकानदाराकडे परत सरकवली. “आज नकली लावतो.”

व्हर्लीनने चमकून त्याच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिचा हा नवरा क्रॅपी माशाला जिती मासोळीच लावत आला होता. शिशाच्या मण्याला रंगीत पिसं बांधलेलं ते नकली आमिष वापरणाऱ्यांना तो उभ्या रीलफूट तळ्यावर नावं ठेवायचा. मासे काय लग्नाला आलेत का, नटवून वाढायला, असं म्हणायचा. दुकानदार डब त्याला जुना ओळखणारा. आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, म्हणून त्याने थट्टा केली. क्लेस्टर नुसता हसला आणि बोटांनी चाचपून एक आमिष उचललं.

क्लेस्टरचा थोरला भाऊ हॉलिस असाच आधी सवयी विसरला होता, मग बायकोचं नाव. व्हर्लीनला तेच आठवलं. तिने आपल्यापुरत्या मासोळ्या घेतल्या आणि नावेत पुढच्या फळीवर जाऊन बसली.

ती फळी म्हणजे तिला शिक्षाच. या तळ्याच्या पोटात अख्खं बुडालेलं जंगल आहे. सायप्रस झाडांचे खुंट पाण्याखाली वीतभर दबा धरून असतात, आणि पानगळीत पाणी उतरलं की दर साली नवे वर येतात. नाव अरुंद, लाकडी. माणूस शिंकला तरी डुलणारी. डावीकडे खुंट दिसला की व्हर्लीन अंग चोरून उजवीकडे कलायची, उजवीकडे दिसला की डावीकडे. क्लेस्टरने जन्मभर तिला यावरून छळलं होतं. सशाचं काळीज घेऊन आलीय, खुंट काय चावतात होय, असं चारचौघांत म्हणायचा.

गेलं वर्षभर मात्र त्याचं चिडवणं बंद होतं. उलट तिच्याशिवाय तो तळ्यावर जाईनासा झाला. दोस्त बोलवायला आले तरी नाही म्हणायचा. बाबांना म्हातारपणी प्रेम फुटलंय, असं लेक हसून म्हणायची, आणि खरं सांगायचं तर व्हर्लीनलाही ते गोड वाटलं होतं. आज तिला त्याचीही भीती वाटली.

कमळांच्या पानांपाशी नाव थांबली. क्लेस्टरने पिसांचं आमिष पाण्यात सोडलं, दोरी बोटावर घेतली आणि पलीकडच्या किनाऱ्याकडे तोंड करून बसला. बोटाला ठोका लागला की उचलायचा. बघता बघता दोन चांगले क्रॅपी त्याने नावेत घेतले. डोकं तर ठिकाणावर दिसत होतं.

मग व्हर्लीनच्या गळाचं, पाण्यावर तरंगणारं लाल बूच बुडालं. पार दिसेनासं झालं. एरवी तिच्या आधी हाच ओरडायचा, ओढ, ओढ म्हणून. आत्ता त्याचं तोंड नेमकं त्या बुचाकडेच होतं.

“तुझं बूच आज नुसतं पडून आहे गं,” तो म्हणाला.

तिने काठी ओढलीच नाही. मासा आमिष खाऊन गेला, बूच वर आलं, आणि तिला उमगलं. मासोळी लावली की बुचावर नजर हवी. नकली आमिषाला बोट पुरतं. डोकं शाबूत होतं त्याचं, डोळे गेले होते. क्षणभर तिला हायसं वाटलं. पण मग मनात आलं, आपण एवढ्या खुंटांमधून इथवर आलो कसे?

विचारावं तर त्याला कबूल करावं लागेल. कबूल केलं की लेक नाव विकून टाकणार, आणि तळ्याशिवाय हा माणूस दोन महिने काढणार नाही. व्हर्लीनने गळाला नवी मासोळी लावली.

पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. वारा सुटला. बाकीच्या नावा परतल्या. क्लेस्टरने मोटर सुरू केली. व्हर्लीनने जन्मात सुकाणूला हात लावलेला नव्हता. आता मरायचंच असेल तर बघत तरी कशाला मरायचं, असं तिला झालं. तिने फळी दोन्ही हातांनी धरली, डोळे घट्ट मिटले आणि ताठ बसून देवाचा धावा सुरू केला.

धाडकन नाव खुंटावर चढली. पुढचं टोक वर उचललं गेलं, एका अंगाने पाणी आत आलं, व्हर्लीनचे बूट भिजले. नाव तशीच लटकली आणि मग करकरत मागे घसरली. क्लेस्टरने मोटर बंद केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला घाबरलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

“डोळे मिटलेस होय?” त्याने विचारलं.

“क्लेस्टर, तुला दिसत नाही.”

तो म्हणाला, कडेचं थोडं दिसतं, मधलं सगळं गेलंय.

“मग वर्षभर नाव कशी हाकलीस मेल्या?”

“तू अंग चोरतेस तशी नाव कलते. ज्या अंगाला कलते, तिकडे मी वळवतो.” त्याचा हात सुकाणूवरच होता. “वाट मला पाठ आहे गं. खुंट तेवढे तुझ्यावर सोडलेत. तूच भ्यायची थांबलीस, तर मी तुला घरी कसा नेऊ?”

मोटर पुन्हा सुरू झाली. व्हर्लीनने डोळे पुसले, पुढे वाकून काळ्या पाण्यावर नजर लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा मन लावून घाबरू लागली.