दुसरी किल्ली
महिनाभर बेपत्ता असलेल्या ताईचा घातपात झाला असावा, असं पोलीस म्हणाले आणि तिच्या जिन्यात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे चोर घुसला, कुणी म्हणे ऑफिसातल्या माणसाने काटा काढला. समोरच्या काकू छातीठोकपणे म्हणाल्या, “तुझे भावजी देवमाणूस! टीव्हीवर रडले, ‘माझं दार तिला कायम उघडं आहे’ म्हणाले.” भावजी बाहेर होते. ताईचा कंगवा पोलिसांना डीएनए तपासणीसाठी हवा होता, म्हणून मी तिनेच दिलेली किल्ली काढली. ती कुलपात शिरेचना. “कुलूप कधी बदललं?” मी विचारलं. “ती गेली त्याच संध्याकाळी. माझ्यासमोरच बसवलं. बिचाऱ्याला चोरांची धास्ती!” मी किल्ली सगळ्यांसमोर धरली. “अशीच किल्ली ताईकडे होती. ती परतली असती, तर घरात कशी आली असती?” काकूंनी चपला घातल्या. “चल, चौकीत मीच सांगते.”