मधलं नाव

“काका, एकाच माणसाच्या दोन फाइल्स आहेत,” हिमानी म्हणाली. “फोन नंबर सेम, बर्थडेट सेम. एक डिलीट करू का?”

डॉक्टर मोरेश्वर केतकर निवृत्त होत होते. न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या त्यांच्या हाडांच्या दवाखान्यातले सव्वीस वर्षांचे कागद कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम हिमानीच्या कंपनीकडे होतं. ती नागपूरची होती आणि पहिल्या दिवसापासून त्यांना काका म्हणत होती.

त्यांनी दोन्ही फाइल्स घेतल्या. एकीवर ‘ओर्तिझ, मिगेल’ असं लिहिलं होतं, दुसरीवर ‘साल्वात, मिगेल’. दुसरीतलं पाकीट कुणी फोडलेलंच नव्हतं. त्यांनी ते फोडलं, आतली गुडघ्याची एमआरआय फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

“राहू दे दोन्ही,” ते म्हणाले.

मिगेल साल्वात ओर्तिझ २००४ साली त्यांच्याकडे आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. नवव्या वर्षी वडिलांनी त्याला सारागोसातल्या एका फुटबॉल क्लबात घातलं होतं. पुढे व्यावसायिक म्हणून अकरा मोसम आणि पाच संघ, बहुतेक दुसऱ्या श्रेणीतले. न्यू जर्सीतल्या एका संघाने त्याला दोन वर्षांचा करार देऊ केला होता. अट एकच होती: दुखऱ्या उजव्या गुडघ्याबद्दल डॉक्टर केतकरांनी होकार द्यावा.

फॉर्मवरचं नाव डॉक्टरांनी एकदाच वाचलं होतं. मिगेल हे नाव, साल्वात हे वडिलांचं, ओर्तिझ हे आडनाव. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. त्यांचं स्वतःचं नावही तसंच लिहिलं जाई. स्पेनमध्ये वडिलांचं आडनाव मध्ये आणि आईचं शेवटी लिहितात, हे त्यांना पुष्कळ नंतर समजलं. “ओर्तिझची फिल्म द्या,” असं त्यांनी बाहेर सांगितलं, आणि काउंटरवरच्या मुलीने ओर्तिझचीच दिली. आदल्या आठवड्यात येऊन गेलेल्या, घरांची छपरं घालणाऱ्या मिगेल ओर्तिझची. त्या दिवशी बावीस पेशंट होते. फिल्मच्या कोपऱ्यातलं जन्मसाल डॉक्टरांनी पाहिलं नाही.

या घोळाने छपरं घालणाऱ्याचं काही नुकसान झालं नव्हतं. त्याला त्याचा रिपोर्ट आधीच मिळाला होता.

“गुडघ्यातली गादी, कूर्चा, झिजली आहे,” त्यांनी फुटबॉलपटूला सांगितलं होतं. “खेळलात तर दोन वर्षांत काठी हातात येईल.”

मिगेलने शांतपणे विचारलं, “हे लेखी द्याल?”

“क्लबला पत्र जाईलच.”

“मला वेगळी प्रत हवी. वडिलांना पाठवायची आहे. प्रत्येक सामन्याआधी ते फोन करतात. नुसतं माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.”

त्याच्या धीराचं डॉक्टरांना कौतुक वाटलं होतं. घरी त्यांनी ते पत्नी सुमेधालाही बोलून दाखवलं होतं.

आता चार वर्षांनी, जेवणाच्या टेबलाशी, त्यांनी तिला बाकीचं सांगितलं. निरोगी गुडघ्याच्या माणसाला त्यांनी घरी बसवलं होतं.

“आणि आता तुम्ही जाऊन त्याला सांगणार,” सुमेधा म्हणाली. “म्हणजे तुमचं मन हलकं होणार आणि त्याचं जड.”

“हे सत्य त्याचं आहे, सुमेधा. त्याला ठाऊक असायला हवं.”

“त्याने कोर्टात खेचलं तर? सव्वीस वर्षांचं नाव आहे तुमचं.”

“खेचू दे. नावानेच तर घोळ केलाय.”

“विनोद सुचतायत तुम्हाला,” ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

शनिवारी सकाळी ते गावातल्या फुटबॉल मैदानावर गेले. मिगेल आता तिथे दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवत असे. निम्मी मुलं भारतीय होती. कडेला खुर्च्या टाकून त्यांचे आईवडील कॉफी पीत बसले होते. मिगेलच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. एका मुलाने चेंडू कुंपणापार मारला तेव्हा तो सगळ्यांत आधी हसला.

त्याने डॉक्टरांना लगेच ओळखलं. विश्रांतीची शिट्टी वाजवून तो त्यांच्याकडे आला. दोघे बाकावर बसले.

डॉक्टरांनी वाक्यं घरून जुळवून आणली होती, पण ती त्यांना धड आठवली नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं. नाव कसं वाचलं, फिल्म कुणाची होती, दुसरं पाकीट चार वर्षं कुठे पडून होतं. फिल्मवरचं जन्मसाल पाहिलं असतं तर मिगेल आणखी चार-पाच मोसम खेळला असता, हेही सांगितलं. मग त्यांनी मांडीवरचं पाकीट त्याच्यापुढे धरलं.

“तुम्ही वकिलाकडे गेलात तर मी काहीही नाकारणार नाही,” ते म्हणाले. “ही चूक माझी आहे. काउंटरवरच्या मुलीची नाही.”

मिगेलने पाकीट घेतलं, पण उघडलं नाही. मैदानावर मुलांनी शिक्षकाशिवायच खेळ पुन्हा सुरू केला होता.

“किती दिवस झोप नाही तुम्हाला?” त्याने विचारलं.

“आठवडा झाला असेल.”

“मी तुम्हाला आधीच भेटायला हवं होतं. मला माफ करा.”

“माफी तुम्ही कशाला मागता?”

“तुमचं पत्र मिळालं, त्याच संध्याकाळी एमआरआय सेंटरमधून एका बाईंचा फोन आला होता,” मिगेल म्हणाला. “फिल्म आत्ता पाठवतोय, उशीर झाला, पण गुडघा उत्तम आहे, म्हणाल्या. डॉक्टरांनाही फोन करू का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, नको, त्यांना मी स्वतःच सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र वडिलांना पाठवून दिलं.”